ओझे कुणाच्या खांद्यावर?

ओझे उचलण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि ओझे दुसऱ्याकडून उचलून घेण्याची त्याहून मोठी! जुन्या गोव्यातले फिदाल्ग माचिलात बसून जायचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहून गेलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाच्या पुस्तकात ही चित्रे आहेत. आत ऐसपैस पहुडलेला साहेब, वरून छत्री धरणारा एक नोकर आणि पुढे-मागे बांबू खांद्यावर घेतलेले भोई. माचिला किती वजनाचा असावा हा प्रश्न त्या साहेबाला कधी पडला असेल का? मला नाही वाटत. तो प्रश्न भोयाचा होता आणि भोयाला कुणी विचारत नव्हते.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे गोल्फची बॅग. हसू नका. पुण्याला राहणारा माझा एक भाचा नोकरीतून मोकळा झाल्यावर गोल्फ शिकू लागला. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितले होते, म्हणून मैदानात गाडीत बसायचे नाही, चालतच खेळायचे असे त्याने ठरवले. मग त्याने फोन करून मला विचारले, "मामा, चालताना त्रास होऊ नये अशी हलकी बॅग कुठली घ्यावी? तुम्ही एवढी पुस्तके वाचता, जरा शोधा की!" आता गोल्फशी माझा काय संबंध? आम्हां गोंयकारांचा खेळ फुटबॉल. त्याला सामान म्हणून एक चेंडू लागतो आणि तोही अकरा जणांत एक. पण शोधायला बसलो आणि असा गुंतलो, की स्कॉटलंडमधून निघून थेट सुरतेजवळच्या उधन्याला पोचलो. तो प्रवास तुम्हांला सांगावासा वाटतो.

सुरुवात स्कॉटलंडपासून. गोल्फ तिथे पंधराव्या शतकापासून खेळला जातो, पण गोल्फच्या बॅगेचा इतिहास जेमतेम दीडशे वर्षांचा. मधली चार शतके लोक काय करत होते? काठ्या बगलेत धरत होते. म्हणजे खेळणारा नव्हे, त्याच्यामागून चालणारा पोऱ्या. त्याला म्हणायचे कॅडी. शब्द मूळचा फ्रेंच, 'कादे', म्हणजे घरातला धाकटा मुलगा. एडिंबरो शहरात त्याला वेगळाच अर्थ चिकटला. अठराव्या शतकात तिथल्या रस्त्यांवर निरोप पोचवणारे, पाणी वाहणारे, सामान उचलणारे जे लोक कामाची वाट बघत उभे असायचे ते कॅडी. आपल्याकडे अरबीतून आलेला 'हमाल' जसा रुळला तसाच हा. तेच लोक पुढे मैदानावर काठ्या वाहू लागले आणि हा शब्द गोल्फचा झाला. थोडक्यात, गोल्फची पहिली बॅग म्हणजे हमालाची बगल!

मग पिशवी आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्लंडच्या समुद्रकाठच्या मैदानांवर ती दिसू लागली. सुरुवातीच्या पिशव्या शिडाच्या कापडाच्या, म्हणजे जहाजांसाठी विणलेल्या जाड कॅनव्हासच्या असत. पावसाने काठ्यांची चामडी मूठ भिजते आणि हातातून सटकते, म्हणून कुणाच्या तरी डोक्यातून ही युक्ती निघाली. समुद्रकाठच्या माणसाला हे सांगायला नको. शिडाचे कापड वाया जाऊ देत नाहीत, त्याचे काही ना काही करतातच.

याच काळात दोन गमती घडल्या. एक म्हणजे ऑसमंड नावाच्या माणसाची 'ऑटोमेटन कॅडी'. १८९० च्या दशकात पेटंट घेतलेले हे साधन म्हणजे लाकडी पायांची चौकट, तिला पिशवी आणि वर मूठ. जमिनीवर टेकवले की आपल्या पायांवर उभे राहायचे. आज दुकानात दोन पाय बाहेर येणारी 'स्टँड बॅग' मिळते, तिचा हा खापरपणजोबा. नाव तर बघा, 'यांत्रिक कॅडी'! म्हणजे कॅडीला सुट्टी देण्याचा विचार तेव्हापासूनच सुरू झाला होता. दुसरी गंमत 'संडे बॅग'ची. रविवार पाळणाऱ्या त्या देशात त्या दिवशी कॅडी मिळायचा नाही. मग खेळाडू पाच-सात काठ्या एका बारीकशा पिशवीत टाकून स्वतःच खांद्याला लावायचे, म्हणून तिला रविवारची पिशवी म्हणू लागले असे म्हणतात. पातळ कापड, एक पट्टा, बाकी काही नाही. आणि इथेच मला या इतिहासाचे सूत्र सापडले. ज्या दिवशी ओझे स्वतःच्या खांद्यावर आले त्या दिवशी बॅग हलकी झाली.

याच्या उलटेही खरे आहे. ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर असले, की बॅग फुगत जाते. १९१३ साली अमेरिकेची खुली स्पर्धा फ्रान्सिस विमेट नावाच्या वीस वर्षांच्या हौशी पोराने जिंकली. त्याचा कॅडी होता एडी लोवरी, वय वर्षे दहा! त्या दोघांचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यातली बॅग बघा. अगदी बारीक, मोजक्या काठ्यांची. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत लाकडी दांड्यांच्या जागी पोलादी दांडे आले, कारखान्यात जोडीच्या जोडी निघू लागल्या आणि प्रत्येक फटक्याला वेगळी काठी हवी असे खेळाडूंना वाटू लागले. लॉसन लिटल नावाचा मोठा अमेरिकन खेळाडू पंचवीसहून अधिक काठ्या घेऊन फिरायचा. बॅगा चामड्याच्या आणि पिंपाएवढ्या झाल्या. शेवटी १९३८ साली अमेरिकेने आणि १९३९ साली ब्रिटनने नियम केला, की चौदापेक्षा जास्त काठ्या नेता येणार नाहीत. खेळात कौशल्य राहावे हा त्यामागचा मुख्य हेतू. पण त्या नियमामुळे कित्येक पोरांच्या पाठीचे कणे वाचले असतील, हेही खरेच.

आता आपल्या देशाकडे येऊ. गोल्फ हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. पुण्याचे येरवड्याचे मैदान १८७९ पासूनचे. पोर्तुगिजांना या खेळात रस नव्हता, त्यामुळे आम्ही गोंयकार त्यातून सुटलो. पण छावणी आली की गोल्फ यायचा आणि गोल्फ आला की मैदानाला लागून असलेल्या वस्तीतली पोरे कॅडी व्हायची. साहेब गेले, मैदाने राहिली, बॅगा राहिल्या आणि त्या उचलणारी वस्तीही राहिली. युरोप-अमेरिकेत युद्धानंतर कॅडी महाग झाला, दुर्मीळ झाला. तिथला साधा खेळाडू आपली बॅग आपण उचलू लागला किंवा चाकांच्या ढकलगाडीवर ठेवू लागला. आपल्याकडे तशी वेळच आली नाही. माणूस स्वस्त होता ना!

पण त्याच ओझ्याखालून काय निघाले बघा. इंग्लंडचा जे. एच. टेलर वेस्टवर्ड हो! या मैदानावर कॅडी होता. त्याने पुढे ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकली. आपल्याकडे दिल्लीच्या मैदानावर बॅगा वाहणाऱ्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. त्याआधी १९६५ साली पी. जी. सेठींनी ती जिंकली होती, पण ते हौशी खेळाडू होते. व्यावसायिकांतला पहिला भारतीय विजेता अली शेर. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. बंगळूरचा मुनियप्पा, तोही कॅडीच, २००९ साली जिंकला. कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २००८ मध्ये इंडियन मास्टर्स आणि पुढे २०१६ व २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन जिंकला. दुसऱ्याच्या काठ्या वाहता वाहता या लोकांनी खेळ डोळ्यांनी चोरला. वाटल्यास एकलव्याची गोष्ट म्हणा. फक्त या एकलव्यांचा अंगठा शाबूत राहिला, पाठ मात्र वाकली.

हे सगळे भाच्याला सांगितले तर तो म्हणाला, "मामा, ते ठीक आहे, पण बॅग हलकी होते कशाने?" प्रश्न रास्त होता. उत्तर एका शब्दात द्यायचे तर धाग्याने. आणि धागा म्हटले की आपल्या देशात सुरतेला गेल्यावाचून गत्यंतर नाही.

मडगावहून राजस्थान-गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या सुरतेच्या आधी उधना नावाच्या स्टेशनावरून जातात. आपण त्या वेळी झोपेत असतो किंवा उतरण्याच्या घाईत. पण मराठी माणसाने या गावापाशी जरा जागे व्हावे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले, तेव्हा गणदेवीवरून येताना शहराबाहेरचा त्यांचा टप्पा उधन्याचाच होता. सुरतेहून परतताना भर कशावर होता तेही बघण्यासारखे आहे. सोने, चांदी, मोती, जवाहीर. वजनाला कमी आणि मोलाला जास्त. घोड्याच्या पाठीवर काय लादायचे आणि काय मागे ठेवायचे हे ज्याला कळते तोच वेगाने सह्याद्री गाठतो. प्रवासाला निघताना पेटीत काय भरावे यावर आजकाल पुस्तके निघतात. आपल्याकडे त्याचा धडा इतिहासातच आहे.

विसाव्या शतकाच्या तोंडावर उधन्याहून पूर्वेकडे एक लोहमार्ग निघाला. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत तो जळगावला जातो. तापीच्या खोऱ्यातून जाणारा म्हणून ताप्ती व्हॅली रेल्वे. नवापूरच्या स्टेशनात तर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत! ही गाडी खानदेशचा कापूस नेण्यासाठी होती, पण कापसामागोमाग माणसेही गेली. दुष्काळ पडला, शेत तुटले, बहिणीचे लग्न ठरले, की खानदेशी तरुण उधन्याचे तिकीट काढायचा. आज उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत फिरलात तर गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून आलेले लोक तर एवढे, की कित्येक गल्ल्यांत ओडियाच चालते.

ही माणसे तिथे करतात काय? धागा पिळतात, ताणा लावतात, माग चालवतात, कापड रंगवतात. सुरत मूळची जरीची आणि रेशमाची. विसाव्या शतकात जरीवाले कृत्रिम रेशमाकडे वळले, मग नायलॉनकडे, मग पॉलिएस्टरकडे. या वळणावर उधन्यात एक मोठा कारखाना उभा राहिला, बडोदा रेयॉन कॉर्पोरेशन. कंपनी १९५८ सालची, वसाहतीचे नाव फतेहनगर, आणि कंपनीचे अध्यक्ष बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड. क्रिकेटप्रेमींना ते माहीत आहेत; १९६३ ते १९६६ या काळात ते भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. या कारखान्यात आधी रेयॉनचा आणि मग नायलॉन-पॉलिएस्टरचाही धागा निघायचा.

आता गंमत बघा. फत्तेसिंहरावांचे वडील प्रतापसिंहराव यांनी १९३० च्या दशकात बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात युरोपियन पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान करून घेतले होते. १९९० च्या दशकात समरजितसिंहांनी ते दुरुस्त करून लोकांसाठी खुले केले. म्हणजे एकाच मराठी घराण्याच्या एका हाताला गोल्फचे मैदान आणि दुसऱ्या हाताला नायलॉनचा धागा! बापाच्या वेळी पाहुण्यांच्या बॅगा चामड्याच्या आणि कॅनव्हासच्या असणार. मुलाच्या कारखान्यात ज्या जातीचा धागा निघत होता, त्या जातीच्या धाग्याने पुढे जगभरच्या बॅगा हलक्या केल्या. उधन्याचा धागा गोल्फच्या बॅगेत गेला असे मला म्हणायचे नाही. तो गेला साड्यांत, अस्तरांत, ड्रेसच्या कापडात. पण कूळ एकच.

या कुळाचा जन्म अमेरिकेचा. वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनातून ड्यू पाँट कंपनीने १९३८ साली नायलॉन जाहीर केले. १९४० च्या मे महिन्यात त्याचे पायमोजे दुकानात आले आणि बायकांच्या रांगा लागल्या. मग युद्ध आले, मोज्यांचा धागा पॅराशूटकडे वळला. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी काढला. युद्ध संपल्यावर हे दोन्ही धागे तंबूत, पाठपिशवीत आणि हळूहळू गोल्फच्या बॅगेत शिरले. शिडाचे कापड आणि चामडे मागे पडले.

धाग्याचे वजन मोजण्याचे एक माप आहे, डेनिअर. उधन्यात हा शब्द पोराटोरांच्या तोंडी असतो. नऊ हजार मीटर लांब धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनिअर. साडीचा धागा पन्नास-पाऊणशे डेनिअरचा, तर बॅगेचा दोनशे दहा, चारशे वीस, सहाशे. नऊ हजार मीटर म्हणजे नऊ किलोमीटर. गोल्फच्या अठरा होलांची एक फेरी चालायची तर साधारण आठ ते दहा किलोमीटर पडतात. म्हणजे खेळाडू एका फेरीत जेवढे चालतो, जवळजवळ तेवढ्याच लांबीच्या धाग्याचे वजन म्हणजे डेनिअर! हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडला. बॅगेच्या दुकानात '४२० डी' असे लिहिलेले दिसले, की समजायचे, या धाग्याचे एक टोक पहिल्या होलला बांधून सगळे मैदान फिरून आलो तर हातात चारशे वीस ग्रॅम रिकामे होतील.

तर मग निवडायची कशी? भाच्याला मी जे कळवले तेच इथे देतो.

पहिली गोष्ट, बॅगेचे वजन हे ओझ्याचे वजन नव्हे. चालणाऱ्यांसाठीच्या बॅगा आज साधारण दीड ते अडीच किलोंच्या येतात. व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या बॅगा रिकाम्याच चार-पाच किलोंच्या असतात. पण चौदा काठ्यांचे वजनच पाच-साडेपाच किलो होते. चेंडू नियमाने ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसतो, तरी डझनभर घेतले की अर्धा किलोच्या वर जातात. पाण्याची लिटरची बाटली एक किलो. छत्री, रेनकोट, खाऊ, मोबाइल... म्हणजे बॅगेत दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे आणि मग आत डझनभर जादा चेंडू कोंबायचे, याला अर्थ नाही. चौदा ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. शिकणाऱ्याने सात-आठ काठ्या न्याव्यात. रविवारच्या पिशवीवाल्यांचे तेवढ्यावर भागत होते.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. एकाच खांद्यावरचा पट्टा म्हणजे एका बाजूला झुकलेली चाल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टी. जे. इझो याने दोन्ही खांद्यांवर येणारा पट्टा आणला आणि बॅग दप्तरासारखी पाठीवर आली. ही युक्ती आपल्याला नवी नाही. कावडीत दोन्हीकडे सारखे वजन का ठेवतात? खांदा दुखू नये आणि चाल मोडू नये म्हणून. पट्टा रुंद हवा, आत मऊ हवा आणि उंचीप्रमाणे कमीजास्त करता यायला हवा. आमच्याकडे मासळीची पाटली डोक्यावर घेणारी बाई आधी चुंबळ नीट करून घेते, मगच पाटली उचलते. ओझ्यापेक्षा चुंबळ महत्त्वाची. बॅगेचा पट्टा म्हणजे तुमची चुंबळ, तिथे काटकसर करू नका.

तिसरी गोष्ट, वजन अंगाला चिकटून असावे. माडावर चढणारा रेंदेर पाहिलात ना? दुदिणे आणि काती कमरेला घट्ट बांधलेली, दोन्ही हात मोकळे. दुदिणे म्हणजे वाळवलेला दुधी. मडके नेले असते तर चढतानाच थकला असता. हलके भांडे, कमरेवर भार आणि मोकळे हात ही सगळी अक्कल त्याच्याकडे शतकांपासून आहे. गोल्फच्या बॅगेलाही कमरेपाशी टेकणारी मऊ गादी असते. ती आपल्या कमरेवरच येते का ते बघा. पाण्याची बाटली बाहेरच्या खिशात लोंबकळत न ठेवता पाठीजवळच्या खिशात ठेवा. वजन तेच राहते, जाच कमी होतो.

चौथी गोष्ट पायांची. आपोआप बाहेर येणाऱ्या पायांची बॅग १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सन माउंटन कंपनीने रूढ केली. पायांमुळे थोडे वजन वाढते हे खरे. पण पाय नसले तर प्रत्येक फटक्याला बॅग जमिनीवरून वाकून उचलावी लागते. एका फेरीत नव्वद-शंभर फटके मारणाऱ्या नवशिक्याने तेवढ्या वेळा वाकायचे म्हणजे कंबरेचे काय होईल? साठीनंतर तर पाय हवेतच. बॅगेलाही!

पाचवी गोष्ट आपल्या हवेची. नायलॉन चिवट असते, कमी वजनात जास्त ताण सोसते, पण उन्हाने लवकर खराब होते आणि थोडे पाणी शोषते. पॉलिएस्टर ऊन सोसते आणि पाणी जवळजवळ शोषतच नाही. म्हणून तर सुरतेत पाण्याच्या धारेवर धागा फेकणारे वॉटरजेट माग चालू शकतात. सुती धाग्याचे तिथे काम नाही. कोकण-गोव्यात मात्र कापडाच्या आतल्या पातळ लेपाकडे लक्ष ठेवावे लागते. दमट हवेत, बंद कपाटात दोन पावसाळे काढले की तो चिकट होऊन सुटू लागतो. ओली बॅग कपाटात टाकू नये, उलटी करून वाऱ्यावर वाळवावी. आणि दुकानात बॅग रिकामी उचलून 'वा, किती हलकी!' म्हणू नये. आपल्या काठ्या घालून, भरलेल्या बॅगेने दहा मिनिटे चालून बघावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, झाले तर मग, हलकी बॅग घ्यावी, आपली आपण उचलावी आणि इतिहासाच्या पापातून मोकळे व्हावे. मलाही आधी तसेच वाटले होते. भोई गेला, कॅडी गेला, समता आली! पण गोष्ट इतकी सरळ नाही. ज्याने बॅग उचलून घर चालवले त्याला 'आता तुझी गरज नाही' म्हणणे ही समता कशी? माचिला बंद झाला तेव्हा भोयाच्या खांद्याला आराम मिळाला, पण चुलीचे काय झाले हे कुणी लिहून ठेवलेले नाही. आणि ज्या धाग्याने आपले ओझे हलके केले तो कुणी विणला? उधन्याच्या मागावर बारा-बारा तासांची पाळी असते. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. मजुरी मीटरवर मिळते, माग थांबला की कमाई थांबली. २००८ साली बडोदा रेयॉनचे काम बंद पडले तेव्हा त्या कामगारांच्या खांद्यावर आलेले ओझे कुठल्या डेनिअरमध्ये मोजायचे? वजन नाहीसे होत नाही, ते जागा बदलते.

तरीही वजन कमी करण्याच्या विरुद्ध मी नाही, अजिबात नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. आपण बॅगेचे वजन तेव्हाच बघतो जेव्हा ती आपल्या खांद्यावर येणार असते. ती कॅडी उचलणार असेल तर दुकानात आपण मोठी, देखणी, दहा खिशांची बॅग मागतो. हे उलटे व्हायला हवे. कॅडी लावणार असाल तर हलकी बॅग घेण्याचे कारण दुप्पट आहे, कारण तुम्ही आठवड्यातून एकदा खेळणार आणि तो रोज उचलणार, कधीकधी दिवसातून दोनदा. त्याला दुहेरी पट्टा द्या, पाय असलेली बॅग द्या, नको त्या काठ्या घरी ठेवा. आणि बॅग हलकी झाली म्हणून त्याची मजुरी हलकी करू नका. तो किलोवर पैसे घेत नाही. वारा कुठून येतो, चेंडू कुठे पडला, उतार कुठे आहे हे तो सांगतो, आणि त्या ज्ञानाला वजन नसते.

२०२१ साली झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकले, ती चौथी आली. पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत खेळला. अदितीची बॅग तेव्हा कुणी उचलली होती ठाऊक आहे? तिच्या आईने. त्याआधी २०१६ साली रिओमध्ये वडिलांनी. कॅडी म्हणजे हलका माणूस अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ते चित्र डोळ्यांसमोर आणावे. आईच्या खांद्यावर द्यायची असती तर आपण कसली बॅग निवडली असती? दुकानात शिरताना एवढा एकच प्रश्न मनाशी ठेवला तरी निवड चुकणार नाही.

भाच्याने शेवटी दोन किलोंच्या आतली, दोन पट्ट्यांची, पायवाली बॅग घेतली आणि काठ्या नऊच ठेवल्या. गुडघे बरे आहेत म्हणतो. ज्या दिवशी गुडघे कुरकुरतात त्या दिवशी तो कॅडी लावतो, बॅग मात्र तीच. खेळ कसा चालला आहे ते मी विचारलेले नाही. त्या विषयात माझे अज्ञान अबाधित आहे आणि तसेच राहू दे.